पाठीमागून सुरू झालेला संग्रह

माझ्या एका मित्राने सहा वर्षांत जुन्या कफलिंकच्या, म्हणजे शर्टाच्या बाहीचा कफ बंद करणाऱ्या शोभेच्या बटणांच्या, १४२ जोड्या जमवल्या होत्या. एका संध्याकाळी त्याने सात ट्रे टेबलावर मांडले आणि विचारलं, "आता यापुढे काय घेऊ?" अर्धा तास मी ते ट्रे न्याहाळत बसलो, पण उत्तर देता आलं नाही. वस्तू वाईट नव्हत्या, काही तर फार सुंदर होत्या. पण १४३वी जोडी कुत्र्याच्या चेहऱ्याची असावी, होकायंत्राची असावी की साध्या गोल शिंपल्याची, हे ठरवायला त्या १४२ जोड्यांत कसलाच आधार नव्हता. कुठलीही चालली असती. कुठलीही चालते तेव्हा हौस हळूहळू विझत जाते, आणि त्याचं तेच होत होतं. शेवटचे चार-पाच महिने तो घेत होता तो सवयीने, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

त्या संध्याकाळपासून पुढच्या साधारण तीन वर्षांची ही हकीकत आहे. मित्राच्या परवानगीने, त्याचं नाव न घेता लिहितो आहे. वर्गवारीत, वादावादीत आणि एका नुकसानीतही मी सोबत होतो, त्यामुळे ही तटस्थ नोंद नाही.

सगळ्या पालथ्या घाल

त्याचे ट्रे विषयवार लावलेले होते. प्राणी, जहाजं, नाणी, आद्याक्षरं असे चार, आणि 'इतर' असे तीन. तिथेच गोम होती. सातापैकी तीन ट्रे 'इतर' असतील तर वर्गवारी चुकलेली आहे, असं मी धरून चालतो. चित्रावरून लावलेल्या संग्रहात हे हमखास होतं, कारण कफलिंकच्या तोंडावर माणसाने काय काढायचं ठेवलंय? मासे, मोटारी, पत्ते, घोड्याची नाल, चक्क जळमटात बसलेला कोळीसुद्धा. चित्रांना अंत नसतो.

मी म्हटलं, "सगळ्या पालथ्या घाल."

तो जरा चपापला. सहा वर्षांत त्याने बहुतेक जोड्या मागून नीट पाहिल्याच नव्हत्या. विकत घेताना तो ठसा वाचायचा, शुद्धतेचा आकडा बघायचा आणि पुन्हा सुलट करून ठेवायचा. आम्ही दोन रात्री बसून १४२ जोड्या फक्त पाठीवरून लावल्या, म्हणजे कफलिंक काजांत कसा शिरतो आणि कशाने अडकून राहतो, एवढ्याच गोष्टीवरून. १९ जोड्या साखळीच्या निघाल्या, १४ ताठ दांड्याच्या, २३ टिचबटणाच्या, ७१ फिरत्या दांडीच्या आणि १५ इतर, त्यातही बऱ्याचशा कफभोवती जाळीचा पट्टा गुंडाळणाऱ्या. 'इतर'चे तीन ट्रे होते, ते एका मुठीत मावतील एवढे झाले.

हे आकडे पाहून तो गप्प झाला. आपला संग्रह फार विविध आहे असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात निम्म्या जोड्या एकाच जातीच्या होत्या: विसाव्या शतकाच्या मध्यावर ढिगांनी निघालेल्या, एकच तोंड सजवलेल्या, मागे बंदुकीच्या गोळीसारखी दांडी फिरणाऱ्या. स्वँक, हिकॉक, अँसन या अमेरिकी कंपन्यांचे ठसे पुन्हा पुन्हा येत होते. कुत्रा, जहाज आणि नाणं हे वेगवेगळे वाटत होते, पण पाठ एकच होती.

पाठीत खरोखरच इतिहास असतो. साखळीचा कफलिंक सगळ्यांत जुना. सतराव्या शतकात बाहीच्या टोकाला दोन बटणं छोट्या साखळीने जोडून घालत, आणि ती रीत पुढे अडीचशे वर्षं टिकली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे दोन्ही तोंडं सजवलेली असतात. मनगट कसंही वळवा, नक्षीच दिसते. गैरसोयही तिचीच. खळ घालून कडक केलेल्या कफच्या काजांतून एक अख्खं बटण आडवं करून ढकलायचं, तेही एका हाताने. ताठ दांड्याच्या जातीत ही कटकट थोडी कमी होते, कारण आतलं टोक बारीक आणि लांबट, घेवड्याच्या दाण्यासारखं असतं. याच कुळात कॉलरची बटणंही येतात. अमेरिकेत न्यूअर्कच्या जॉर्ज क्रेमेंट्झने १८८४ साली एकाच पत्र्यातून, कुठेही झाळ न लावता, अख्खं बटण दाबून काढायची रीत पेटंट केली. झाळ नाही म्हणजे तुटायला सांधाच नाही. आमच्या १४ जोड्यांपैकी ज्यांत सांधा होता त्यांतल्या पाच सांध्यावरच हलत होत्या, यावरून त्या युक्तीची किंमत कळली.

उरल्या त्या टिचबटणाच्या. तेवीसच होत्या, चार वेगवेगळ्या ट्रेंत विखुरलेल्या. त्या पहिल्यांदाच एका रांगेत आल्या.

निवड कशी झाली

एखादा धागा पकडून बाकीचं सोडायचं, हे मित्राला पटलं होतं. कोणता, यावर मात्र आठवडाभर चर्चा चालली.

पहिला विचार एसेक्स क्रिस्टलचा. घुमटासारख्या स्फटिकाच्या सपाट पाठीत चित्र खोल कोरायचं, त्या खोलीत रंग भरायचे आणि मागे शिंपल्याचा पातळ तुकडा लावायचा. वरून पाहिलं की घोडा किंवा कोल्हा काचेच्या आत उभा असल्यासारखा दिसतो. ही कला १८६०च्या सुमारास बेल्जियममध्ये एमिल मारियस प्रादिएच्या हातून आली आणि पुढे इंग्लंडमध्ये रुजली. विल्यम एसेक्स या मिनाकाराचं नाव तिला नंतर चुकून चिकटलं. मित्राकडे अशी एकच जोडी होती आणि त्याचा जीव तिच्यावर होता. पण एका जोडीवर संग्रह उभा करायचा म्हणजे बाकीच्या सगळ्या महागात घ्यायच्या, आणि काचेच्या व प्लॅस्टिकच्या नकला भरपूर. मी स्पष्ट नको म्हटलं.

दुसरा विचार ब्रिटिश हॉलमार्कच्या जोड्यांचा. नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं डोकं असेल तर लंडन, चालता सिंह असेल तर स्टर्लिंग चांदी, शिवाय दरवर्षी बदलणारं अक्षर. सोन्यात तर आणखी एक सोय आहे. १५ कॅरटचा दर्जा १८५४ साली सुरू झाला आणि १९३२ साली बंद झाला, त्यामुळे '१५' हा आकडा दिसला की काळाच्या दोन्ही कडा आपोआप मिळतात. हा मार्ग उत्तम आहे आणि त्यावरून चालणारे जाणकार संग्राहक कितीतरी आहेत. मला मात्र त्यात एक उणीव वाटते. प्रत्येक वस्तू स्वतःचं वय स्वतःच सांगून टाकते, आणि आपल्यासाठी फक्त वाचणं उरतं. मित्राला शोधायला आवडतं, वाचायला तितकं नाही.

टिचबटणाच्या बाजूने कारणं बरीच होती. काळ आखूड, साधारण वीस वर्षांचा. एक माणूस आयुष्यात पुरा करू शकेल असा. जुन्या साखळीसारखी दोन्ही तोंडं सजवलेली, पण यंत्रयुगातली. बनवणारे अनेक, आणि प्रत्येकाच्या बटणाची आतली रचना थोडी निराळी. शिवाय लोक फार मागे लागत नाहीत, म्हणून निवडायला वाव. पण खरं सांगायचं तर या कारणांनी निवड झाली नाही. दोन रात्री वर्गवारी चालू असताना मित्राच्या हातात सतत त्यातलीच एखादी जोडी होती आणि तो ती उघडत-मिटत होता. टिच्, टिच्. मी त्याला हे दाखवून दिलं तेव्हा प्रश्न मिटला. हात वारंवार जिकडे जातो तिकडे संग्राहकाने जावं, असं माझं ठाम मत आहे. कारणं मागाहून मिळतात.

मग आम्ही एक वाक्य लिहून काढलं, आणि ते आजही त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: 'साधारण १९१५ ते १९३५ या काळातले, टिचबटणाने दोन भागांत सुटणारे, दोन्ही तोंडं सजवलेले धातूचे कफलिंक.' यातला 'धातूचे' हा शब्द सगळ्यांत शेवटी आला आणि त्याने सगळ्यांत जास्त काम केलं. त्यामुळे सेल्युलॉइडची तोंडं बाद झाली. सेल्युलॉइड म्हणजे जुनं प्लॅस्टिक, मुळात सेल्युलोज नायट्रेट आणि कापराचं मिश्रण. म्हातारं झालं की ते आम्लाच्या वाफा सोडू लागतं, आणि शेजारचा धातू हिरवा पडतो. त्याच्या दोन जोड्यांनी हे काम चालूही केलं होतं. ट्रेचं झाकण उघडल्यावर येणारा कापरासारखा वास तो इतकी वर्षं 'जुना वास' समजत होता.

त्याने स्वतःवर एक बंधन घातलं: पहिले ९० दिवस एकही खरेदी नाही. हे बंधन माझं असतं तर मोडलं असतं. त्याने पाळलं, आणि त्या तीन महिन्यांत तो जेवढं शिकला तेवढं आधीच्या सहा वर्षांत शिकला नव्हता.

टिचबटण बाहीपर्यंत कसं आलं

टिचबटण मुळात कफसाठी नव्हतं. जर्मनीत फोर्त्सहाइमच्या हेरिबर्ट बाउअरने १८८५ साली ते पेटंट केलं, पुरुषांच्या पाटलोणीसाठी. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या आल्बेर-पिएर रेमोंने हातमोज्यांसाठी स्वतःची रचना काढली. एका भागावर फुगीर डोकं, दुसऱ्यात खोबण. डोकं किंवा खोबण यांपैकी एक स्प्रिंगदार, म्हणजे दाबलं की पसरतं आणि मग आवळतं. कपड्यांत आणि हातमोज्यांत ही युक्ती रुळली, आणि मग दागिने बनवणाऱ्यांच्या नजरेत आली.

कफवर ती यायला शर्ट बदलावा लागला. पहिल्या महायुद्धानंतर सुटे, खळ घातलेले, पुठ्ठ्यासारखे कफ मागे पडत गेले आणि शर्टालाच शिवलेले मऊ कफ आले. मऊ कापडात साखळी लोंबते, कफ तिरपा होतो. टिचबटणाचे दोन भाग मात्र दोन बाजूंनी काजांत घालून एका चिमटीत बंद होतात. घाईत तयार होणाऱ्या माणसाला याहून सोपं काय हवं? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं अॅटलबरो हे दागिने घडवणाऱ्या कारखान्यांचं गाव. तिथल्या बेअर अँड वाइल्ड कंपनीने १९१८च्या सुमारास 'कम-अ-पार्ट' नावाने हे कफलिंक बाजारात आणले, आणि ते अफाट चालले. हीच कंपनी पुढे स्वँक झाली. म्हणजे मित्राच्या ७१ फिरत्या दांडीच्या जोड्यांतला मोठा हिस्सा आणि २३ टिचबटणांतल्या नऊ, या दोन्ही एकाच घराण्याच्या निघाल्या. हे कळलं तेव्हा त्याला झालेला आनंद मी विसरणार नाही. आधी एका ट्रेमध्ये शेजारी पडलेल्या वस्तूंमध्ये पहिल्यांदा नातं दिसलं.

पेटंटच्या तारखेने आम्हाला एक धडा दिला, तो जरा सविस्तर सांगतो. 'कम-अ-पार्ट'च्या पुष्कळ बटणांच्या आत '१७ एप्रिल '२३' अशी तारीख ठोकलेली असते. एका जोडीवर दिवसाचा दुसरा अंक झिजला होता. मित्र तो ११ वाचत होता आणि आपल्याला वेगळं पेटंट सापडलं या कल्पनेने हरखला होता. पण अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पेटंट मंगळवारी दिली जातात. कॅलेंडर काढलं. एप्रिल १९२३ मधले मंगळवार ३, १०, १७ आणि २४. म्हणजे ११ शक्यच नाही. झिजलेला अंक शून्य किंवा सात. दहापट भिंगाखाली वरची आडवी रेघ दिसली आणि सात ठरला. तेव्हापासून झिजलेल्या अमेरिकी तारखेला आम्ही आधी वार लावून पाहतो. दोन मिनिटांचं काम, आणि निम्म्या शंका जागच्या जागी मिटतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पेटंटची तारीख म्हणजे बनवल्याची तारीख नव्हे. त्या काळी अमेरिकी पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं, आणि तोवर कारखाना तोच ठसा मारू शकत होता. मित्राने सहा जोड्यांपुढे '१९२३' लिहिलं होतं. ते खोडून सगळीकडे '१९२३ किंवा नंतर' केलं. मग नंतरची कड कुठून आणायची? तिथे तोंडाकडे परत जावं लागतं. कमळं आणि पंख पसरलेली ससाणे-गिधाडं दिसली तर नोव्हेंबर १९२२ मध्ये तूतनखामनची कबर सापडल्यावर उसळलेली इजिप्तची लाट आठवावी. कोपरे कापलेला चौकोन, पायऱ्यांची नक्षी, एका बाजूने फाकलेले किरण दिसले तर १९२५च्या पॅरिस प्रदर्शनाने जिला जोर दिला ती आर्ट डेको शैली. हे पुरावे ढोबळ आहेत, पण ठशाच्या जोडीने वापरले की उपयोगी पडतात. पाठीपासून सुरू केलेला माणूस असा पुन्हा तोंडाकडे येतो, आणि आता त्याला तोंडावर काय बघायचं ते माहीत असतं.

जोडी म्हणजे चार

नव्वद दिवसांतला मोठा भाग आम्ही एकाच कामात घालवला. त्या २३ जोड्या खरंच जोड्या आहेत का?

साखळीच्या जोडीत दोन वस्तू असतात, आणि दोन्हींची दोन्ही तोंडं साखळीने बांधलेली असतात. टिचबटणाच्या जोडीत चार सुटे भाग असतात. दोन डोक्याचे, दोन खोबणीचे. बाही ओढली गेली की कफलिंक उघडतो आणि एक भाग घरंगळतो. म्हणूनच सुटे अर्धे भाग जगात भरपूर आहेत, आणि कुणीतरी केव्हातरी त्यांतले दोन एकत्र करून 'जोडी' बनवलेली असते. कित्येकदा फसवण्यासाठी नव्हे, घरातल्याच डब्यातल्या दोन अर्ध्यांची मोट बांधलेली असते. पण संग्रहाच्या दृष्टीने ती जोडी नव्हे.

तपासायला आम्ही चारही भाग सुटे करून पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात ठेवायचो. मिन्याचा, म्हणजे धातूवर वितळवलेल्या रंगीत काचेचा, रंग दिव्याखाली बघू नये. निळ्या आणि हिरव्याच्या मधल्या छटा पिवळ्या उजेडात सारख्या दिसतात आणि दुपारी वेगळ्या होतात. मग भिंगाने मिन्याखालची नक्षी. पारदर्शक मिन्याखाली जे किरण किंवा लाटा दिसतात, ते चांगल्या कामात यंत्रावर एकेक रेघ कोरून केलेले असतात आणि स्वस्त कामात ठशाने दाबलेले. कोरलेल्या रेघेची धार तीक्ष्ण असते, कफलिंक हलवला की उजेड तिच्यावरून धावतो. दाबलेल्या रेघेचे खांदे गोलसर असतात, उजेड नुसता पसरतो. चार भागांपैकी तीन कोरलेले आणि एक दाबलेला निघाला की बोलायला जागा राहत नाही. एका जोडीत एका तोंडावर किरण ३६ होते, बाकी तिघांवर ३२. सहा वर्षं ती जोडी 'इतर'मध्ये मानाने बसली होती.

त्यानंतर कडा. सोन्याचा जाड पत्रा पितळेवर चढवलेल्या कामात '१/२० १२के' सारखा अपूर्णांक असतो, म्हणजे १२ कॅरट सोन्याचा थर धातूच्या एकूण वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका. असा पत्रा वर्षानुवर्षं टिकतो, नुसता मुलामा टिकत नाही. चारही भाग एकाच माणसाने एकाच वेळी वापरले असतील तर झीजही साधारण सारखी असते. बाहेरच्या तोंडांची थोडी जास्त, कारण ती टेबलाला घासतात. एका भागाची कड कोरी आणि बाकीच्यांची पितळेपर्यंत गेलेली, हे लक्षण वाईट.

शेवटी हाताची परीक्षा. प्रत्येक डोकं दोन्ही खोबणींत बसवून पाहायचं. अस्सल जोडीत ती कुठेही बसतात आणि ओढायला जवळपास सारखा जोर लागतो. हे मात्र मोजकं करावं, कारण प्रत्येक टिच् स्प्रिंगचं आयुष्य थोडं कमी करतो. उघडताना सरळ ओढावं, कडेत सुरी किंवा नख घालून उचकटू नये. मिना म्हणजे काच, आणि काच कडेपासूनच उडते.

या चाळणीतून पाच जोड्या वेगवेगळ्या घरांतल्या अर्ध्यांच्या निघाल्या. तीन जोड्यांच्या मिन्याची राळेने डागडुजी केलेली होती. अतिनील दिव्याखाली तेवढाच ठिपका वेगळा उजळला, म्हणून कळलं. दोन जोड्यांच्या स्प्रिंगा मेलेल्या होत्या. उरल्या १३. १४२ वरून १३. मला वाटलं होतं तो खचेल. त्याने त्या तेरा जोड्या एका ट्रेमध्ये लावल्या, बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "आता मला कळतंय माझ्याकडे काय नाहीये." पहिल्या संध्याकाळच्या प्रश्नाचं उत्तर त्यालाच मिळालं होतं.

नुकसान

हे लिहिणं सोपं नाही, कारण सल्ला माझा होता. खोबणींत जुना मळ साचलेला होता, आणि मी म्हटलं की ध्वनिकंपनांनी साफ करणारं छोटं यंत्र वापरू, चष्म्यांना वापरतात तसं. तेरांपैकी तीन जोड्या त्यात घातल्या. दोन मिनिटांत पाणी गढूळ झालं, आम्हाला बरं वाटलं. तिसऱ्या मिनिटाला पाण्याच्या तळाशी तिळाएवढा हिरवा कण दिसला.

त्या जोडीच्या मिन्याला केसासारखी तडा होती, भिंगाखालीही सहज न दिसणारी. कंपनांनी पाणी तिच्यात शिरलं आणि कडेचा तुकडा सुटला. भट्टीत साधारण आठशे अंश सेल्सिअसला धातूवर वितळवलेली काच आहे ती. पुन्हा लावायची तर पुन्हा भट्टी, आणि भट्टीत टिचबटणाची स्प्रिंग आपला ताव घालवून बसते. म्हणजे दुरुस्ती नाहीच. आणि तेवढ्यावर भागलं नाही. उरलेल्या दोन जोड्यांच्या खोबणींत पाण्याचा अंश राहिला, आतल्या पोलादी तारेला गंज चढला आणि दहा दिवसांनी दोन भाग एकमेकांत घट्ट अडकून बसले. ते सुटले, पण एका स्प्रिंगची पकड गेली ती गेलीच.

मित्राने एका शब्दाने दोष दिला नाही. मला ते अजून लागतं. टिचबटणाचा मिन्याचा कफलिंक पाण्यात बुडवू नये, हे मी कुठल्याही संग्राहकाला सगळ्यांत आधी सांगतो. तोंडावरून किंचित दमट कापसाचा बोळा, लगेच कोरडं कापड, आणि खोबणीसाठी फक्त कोरडा मऊ ब्रश. तेल नको, त्यावर धूळ बसते आणि कफला डाग पडतो. थोडा मळ राहिला तर राहू द्या.

बाकीच्यांची वाट

टिचबटणाच्या नसलेल्या ११९ जोड्यांपैकी ११५ चौदा महिन्यांत गेल्या. काही विकल्या, काही अदलाबदलीत दिल्या, फिरत्या दांडीच्या बऱ्याचशा मित्रपरिवारात वाटल्या, कारण त्या आजही घालायला उत्तम आहेत. चार ठेवल्या. एसेक्स क्रिस्टलची ती एक, त्याच्या आजोबांची फिरत्या दांडीची साधी चांदीची जोडी, आणि साखळीच्या दोन. या चार वेगळ्या पेटीत आहेत आणि वहीत त्यांना क्रमांक नाही. आजोबांची जोडी संग्रहात घुसवण्यासाठी पहिल्या पानावरचं वाक्य सैल करावं, असं त्याच्या मनात एकदा आलं होतं. मी म्हटलं, तिला संग्रहाची गरज नाही, तुझ्याकडे असणं पुरेसं आहे. त्याला ते पटलं, आणि वाक्य तसंच राहिलं.

साठवणीबद्दल थोडक्यात. लोकर आणि रबर गंधक सोडतात, चांदी काळी पडते. कच्च्या लाकडाच्या, विशेषतः ओकच्या, खणांत आम्लाची वाफ असते. त्याने आम्लरहित कागदाच्या पेट्या केल्या आणि जोड्या मिटलेल्या अवस्थेत ठेवल्या, म्हणजे अर्धे भाग हरवत नाहीत. वहीत प्रत्येक जोडीला चार ओळी, भाग चार म्हणून. आकार, ठसा अक्षरशः जसा आहे तसा, मिन्याचा रंग दिवसाच्या उजेडातला, बटणाची रचना, दोष, कुठून आली. दोषांची ओळ सगळ्यांत लांब असते. माझ्या मते वही किती प्रामाणिक आहे ते याच ओळीवरून कळतं.

खरेदी पुन्हा सुरू झाली तेव्हा तिची रीत पालटलेली होती. पूर्वी तो महिन्याला दोन जोड्या घ्यायचा, आता दोन महिन्यांत तीन. त्यातलीही एखादी घरी तपासल्यावर परत जायची. बहुतेक वेळा तो मिश्र ढीग मागवून घेतो, कारण विकणाऱ्याला टिचबटणाची जात वेगळी ओळखता येत नाही आणि ती बाकीच्यांत दडलेली असते. आता पूर्ण, तपासलेल्या जोड्या २९ आहेत. कोणत्या निर्मात्याची कोणती रचना नाही, आकारांत काय नाही, याची यादी पाठ आहे. कधीही विचारा, 'यापुढे काय' याला त्याच्याकडे सहा नेमकी उत्तरं असतात.

आणि एक डबा सुट्या अर्ध्यांचा आहे, नापास झालेल्या जोड्यांपासून सुरू झालेला. त्यात अष्टकोनी, मोरपंखी मिन्याचा एक पूर्ण कफलिंक आणि त्याच्याच जोडीदाराचा खोबणीचा अर्धा आहे. चौथा भाग, डोक्याचा, नाही. दोन वर्षं तो शोधतो आहे. गेल्या महिन्यात एका ढिगात तसाच अष्टकोन, तसाच रंग, डोक्याचा भाग निघाला. त्याचा फोन आला, "लगेच ये." मी गेलो तेव्हा रात्र झाली होती. दिव्याखाली चारही सारखे दिसत होते. त्याने डोकं खोबणीत दाबलं, स्वच्छ टिच् झालं, पकडही बरोबर लागली. आम्ही दोघं काही बोललो नाही. त्याने ते कागदावर ठेवलं, वर कागद झाकला आणि सकाळची वाट पाहायची ठरवली.

सकाळी खिडकीशी नवा भाग किंचित हिरव्याकडे झुकलेला दिसला, आणि किरण मोजले तर दोन कमी भरले. त्याने तो डब्यात ठेवला आणि वहीत लिहिलं: 'बसतो. याचा नाही.'